हवेच्या दाबावर चालणारे लाँचर घरी बनवणाऱ्यांना खुले पत्र

मित्रहो,

नळी, टाकी, झडप आणि कॉम्प्रेसर एवढ्या सामानातून काहीतरी दूर फेकणारं यंत्र उभं करणाऱ्या सगळ्यांना हे पत्र लिहितो आहे. तुमच्यात बटाटे उडवणारे आहेत, भोपळे उडवणारे आहेत, मैदानात प्रेक्षकांकडे टी-शर्ट फेकणारी तोफ बनवणारे आहेत, उंच फांदीवरून दोरी टाकण्यासाठी लाँचर करणारे आहेत, आणि बाजारातली एअर रायफल उघडून तिचा रेग्युलेटर, म्हणजे दाब एकसारखा ठेवणारा भाग, नीट बसवणारेही आहेत. माझं काम दाबाखालच्या टाक्यांच्या तपासणीचं. एअरगनचं वेड त्याच्याही आधीचं. त्यामुळे तुमची यंत्रं बघताना मला कौतुक वाटतं आणि त्याच क्षणी काळजीही वाटते.

तुमच्या गप्पांत एक प्रश्न सारखा निघतो: आता पुढे काय? उत्तरं बहुतेकदा एकाच दिशेची असतात. टाकी मोठी करा, दाब वाढवा, नळी लांबवा, वेग चढवा. ही वाट जवळजवळ संपली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. एअरगनचं आणि घरगुती लाँचरचं भवितव्य दाबात नाही, हवेवरच्या ताब्यात आहे. आणि ताबा हवा असेल तर आधी टाकी फुटणार नाही याची खात्री हवी. तुमच्यापैकी फार थोड्यांनी ती करून घेतली आहे, म्हणून हे पत्र.

थोडं मागे जातो. आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या एअरगनांपैकी एक स्टॉकहोमच्या राजशस्त्रागार संग्रहालयात आहे, १५८० च्या सुमाराची. पण आपल्या कामाची गोष्ट त्यानंतर दोनशे वर्षांनी घडली. बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराने १७८० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी एक एअर रायफल तयार केली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. दाब साधारण ५५ बार (बार हे दाबाचं एकक; एक बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). नळीला लागून असलेल्या मॅगझिनमध्ये वीसेक गोळ्या. इतर सैनिक दर गोळीमागे दारू ठासत उभे असत त्या काळात ही रायफल एकामागून एक गोळ्या झाडत असे, धूर न करता. पावसात दारू भिजण्याची भीतीही नव्हती.

तरी १८१५ पर्यंत ती सैन्यातून बाद झाली. तिचा जोर कमी पडला म्हणून नव्हे. एक टाकी भरायला हातपंपाचे सुमारे १५०० झटके लागत. ठोकून आकार दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या, रिव्हेट मारून डाख दिलेल्या टाक्या बनवणं अवघड, त्या टिकवणं त्याहून अवघड. कातडी सील वाळलं की हवा निसटायची. दुरुस्ती साध्या लोहाराच्या हातची नव्हती, आणि सैनिकाला वेगळं शिक्षण द्यावं लागे. म्हणजे हरली ती टाकी, सील आणि झडप. सव्वादोनशे वर्षांनंतर तुमच्या कार्यशाळेत जे हरतं, तेही हेच तीन भाग असतात.

आता वेगाविषयी. गोळीला ढकलणाऱ्या हवेला स्वतःलाही गोळीच्या मागोमाग पळावं लागतं, आणि हवेच्या पळण्याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. २० अंश सेल्सियसला हवेतला ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो. टाकीतून सुटलेली हवा फुगता फुगता थंड होते, तसा तोही उतरतो. गोळी या वेगाच्या जवळ गेली की मागचा दाब तिच्यापर्यंत पुरता पोचतच नाही. दुसरं गणित त्याहून सोपं आहे. दाब दुप्पट केला तर अगदी आदर्श स्थितीत गोळीची ऊर्जा दुप्पट होते, वेग मात्र फक्त १.४ पट. प्रत्यक्षात तेवढाही वाढत नाही. टाकीच्या भिंतीवरचा ताण मात्र पुरता दुप्पट होतो. जो काही फायदा मिळतो त्याची किंमत टाकीने, म्हणजे तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाने मोजायची असते.

ज्यांना कामासाठी खरोखरच अफाट वेग हवा होता, त्यांनी हवा सोडून हायड्रोजनसारखा हलका वायू धरला. नासाच्या एम्स केंद्रात अपोलो मोहिमांच्या काळात उभारलेली तोफ अशाच पद्धतीने सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. उल्का आदळल्यावर खड्डा कसा पडतो हे अभ्यासायला ती आजही वापरली जाते. ते काम प्रशिक्षित माणसांचं आणि बंदिस्त प्रयोगशाळेचं. घरच्या गॅरेजमध्ये त्या दिशेने कुणी पाऊलही टाकू नये.

बरं, वेग मिळाला तरी उपयोग काय? एअर रायफलचा नेहमीचा डायबोलो छर्रा पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असा असतो. ध्वनीच्या वेगाजवळ तो डगमगू लागतो आणि निशाणा पसरतो. खोक्यावर ठळक छापलेला वेग बहुतेकदा सर्वांत हलका मिश्रधातूचा छर्रा वापरून काढलेला असतो. ज्याला नेम धरायचा आहे तो माणूस तो छर्रा घेतच नाही. हौशी मंडळी या आकड्याच्या मागे लागतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम अगदी उलट्या बाजूला झालेलं आहे.

ते काम कुठे झालं बघा. जर्मनीत परवान्याविना मिळणाऱ्या एअरगनला ७.५ ज्यूलची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये एअर रायफलला १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६.३ ज्यूल, आणि पिस्तुलाला त्याच्या निम्मी. या मर्यादांनी कारागिरांचे हात बांधले असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात. मला नेमकं उलट दिसतं. जोर वाढवायची वाट बंद झाली म्हणून फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आनश्युट्झ या जर्मन कंपन्यांनी सगळी बुद्धी ट्रिगर, नळी आणि झडपेवर लावली. त्यातून स्पर्धेची अशी रायफल घडली की जिचा छर्रा सेकंदाला जेमतेम १७० मीटरच्या आसपास जातो आणि जिच्यापुढे बाकी सगळं ओबडधोबड वाटावं. १० मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊ पट जाड. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. त्या पदकामागे नेमबाजाची जी साधना होती ती होतीच, पण हातातल्या यंत्राने प्रत्येक वेळी हवेचा तेवढाच घास सोडला, एक कणही कमी-जास्त नाही, हेही त्यात आलं.

हा घास मोजून सोडणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची वीस वर्षं मला इथे दिसतात. आधी हवा भरून ठेवायच्या रायफलमध्ये, ज्यांना सगळे पीसीपी म्हणतात, टाकीचा दाब झडपेला मागून दाबून बंद ठेवतो. ट्रिगर दाबला की हॅमर नावाचा ठोकळा येऊन झडपेवर आपटतो, ती क्षणभर उघडते, हवा जाते. टाकी गच्च भरलेली असली की झडप जेमतेम उघडते, टाकी उतरली की जास्त वेळ उघडी राहते. त्यामुळे रेग्युलेटर नसलेल्या रायफलचा वेग आधी चढतो, मग काही छर्‍यांपुरता स्थिर राहतो, मग घसरतो. कुशल माणूस या मधल्या सपाटीवरच टाकी भरतो. रेग्युलेटर बसवला की टाकीत दोनशे बार असोत की एकशेवीस, झडपेमागच्या छोट्या कप्प्यात दाब तोच. इतकी साधी कल्पना, पण ती चोख जमवायला पिस्टन, चकतीच्या स्प्रिंगा आणि सील यांचं काम किती बारीक लागतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

याच्या पुढची पायरी म्हणजे हॅमरच्या जागी विजेवर चालणारी झडप. अशा रायफली बाजारात आहेतच, पण कल्पना अजून अर्धीच वापरली गेली आहे. छर्रा नळीत असतो तो काळ तीन-चार मिलिसेकंदांचा. छर्रा बाहेर पडल्यावर झडपेतून जी हवा जाते ती वाया जाते, आणि आवाज मुख्यतः तिचाच असतो. कप्प्यातला दाब आणि तापमान मोजून झडप किती काळ उघडी ठेवायची हे दर छर्‍यामागे ठरवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर आज कुणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे. दाब मोजणारा सेन्सरही तसाच. एका भरण्यात जास्त छर्रे, कमी आवाज, एकसारखा वेग आणि कमी दाबात भागणारं काम, हे सगळं एका झडपेच्या शिस्तीतून मिळतं. घरी काम करणाऱ्याने इथे डोकं लावलं तर मोठ्या कंपन्यांनाही शिकण्यासारखं काही निघेल, असं मला मनापासून वाटतं. मैदानातली टी-शर्ट तोफसुद्धा अशा झडपेने कमी दाबावर तेवढंच अंतर गाठू शकेल.

काही एअरगन हवेऐवजी बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडवर चालतात; तिच्यावर फार वेळ घालवत नाही. २० अंशांना तिचा दाब साधारण ५७ बार, थंडीत झपाट्याने कमी, आणि ३१ अंशांच्या वर द्रवरूप उरतच नाही, त्यामुळे जास्त भरलेली बाटली उन्हात राहिली तर दाब भयानक चढतो. स्पर्धेच्या बंदुका तिच्याकडून हवेकडे वळल्या त्याला कारणं आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या विषयावर येतो. प्लास्टिकची नळी.

तुमच्या लाँचरांपैकी मी पाहिलेल्या बहुतेकांची टाकी पाण्याच्या पीव्हीसी नळीची असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: नळीवर मोठा दाब छापलाय, आम्ही तर त्याच्या निम्म्यावरच आहोत. हे उत्तर चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे आकड्यांतच सांगितलं पाहिजे. एक लिटरची टाकी घ्या आणि तिच्यात सात बार दाबाचं पाणी भरा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात साठलेली ऊर्जा एक दशांश ज्यूलच्या आसपास. टाकीला तडा गेला तर पाणी सांडेल. त्याच टाकीत सात बारवर हवा भरा. अचानक फुटताना ती पाचशे ज्यूलांच्या वर ऊर्जा मोकळी करते. पाण्याच्या हजारो पट. ब्रिटनच्या कायद्यातल्या एअर रायफलच्या एका छर्‍याच्या ऊर्जेच्या तीसपट. आणि तुमची टाकी एक लिटरची नसते, चार-पाच लिटरची असते, जी तुम्ही मांडीवर किंवा खांद्यावर धरता. नळीवर छापलेला आकडा पाण्यासाठी आहे. हवेसाठी तो आकडा छापणाऱ्याने तुम्हाला काहीही वचन दिलेलं नाही.

छापलेला आकडा २३ अंश तापमानाचा असतो, हेही लोक विसरतात. पीव्हीसी ६० अंशांपर्यंत तापली की तिची दाब सोसण्याची क्षमता मूळच्या २२ टक्क्यांवर येते. भर उन्हात राहिलेली गडद रंगाची नळी त्या दिशेने झपाट्याने जाते. थंडीत ती उलट ठिसूळ होते. ऊन वर्षानुवर्षं खात गेली की वरचा थर कडक आणि कुरकुरीत होतो. चिकटवलेल्या सांध्यात द्रावक नीट वाळला की नाही हे बाहेरून दिसत नाही. झडप उघडताना प्रत्येक वेळी झटका बसतो आणि एखाद्या जुन्या ओरखड्यापासून निघालेली बारीक भेग थोडी पुढे सरकते. तांब्याची किंवा पोलादाची नळी ताण असह्य झाला की आधी फुगते, मग फाटते. पीव्हीसी काही न सांगता धारदार तुकड्यांत उडते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८८ सालीच जमिनीत न पुरलेल्या, दाबाची हवा नेणाऱ्या वाहिन्यांसाठी पीव्हीसी नळी वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. तेव्हाचा इशारा कारखान्यांना होता. तुमच्या घरात तर चष्मा न घातलेलं मूल शेजारी उभं असतं.

"आमची टाकी कित्येक वर्षं टिकलीये" असंही ऐकतो. भेग वाढत असते तेव्हा टिकणं हा पुरावा नसतो. प्रत्येक भरण्याबरोबर ती टाकी जुनी होत जाते, म्हणून दीर्घ अनुभव असलेली प्लास्टिक टाकी ही नव्या टाकीहून अधिक धोक्याची समजायला हवी.

पोलाद वापरलं की सगळं आलबेल, असंही नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात भोपळे फेकण्याची जी प्रसिद्ध स्पर्धा भरत असे, तिथली यंत्रं पोलादी, अनुभवी लोकांनी बांधलेली. अशाच एका तोफेने २०१० साली युटा राज्यात भोपळा सुमारे १,६९० मीटरवर नेला, तो विक्रम म्हणून नोंदलेला आहे. आणि २०१६ च्या स्पर्धेत एका हवेच्या तोफेचा धातूचा भाग सुटून उडाला आणि चित्रीकरणासाठी आलेली एक महिला गंभीर जखमी झाली. त्यानंतर ती स्पर्धा काही वर्षं भरलीच नाही. इतक्या लोकांचा इतक्या वर्षांचा आनंद एका सुट्या झालेल्या तुकड्याने थांबला. त्या बाईंचं जे झालं त्याची तर भरपाईच नाही.

मग काय वापरायचं? ज्या टाकीवर चाचणीचा दाब, कामाचा दाब आणि तारीख कोरलेली आहे तीच. तिला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, दुसऱ्या कामातून काढलेल्या अग्निशामकाच्या नळकांड्याला नवा जन्म द्यायचा नाही. टाकीवर सुरक्षा झडप, आणि ती झडप व टाकी यांच्यामध्ये बंद करता येईल असं काहीही नको. भरताना लांब होज आणि मध्ये भक्कम आडोसा. दाब तपासायचा तर पाण्याने, टाकीतली हवा पूर्ण काढून, कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा टाकीच्या मानकात असेल तेवढा. हे पाण्याने का करायचं ते वरच्या आकड्यांत आलंच आहे. मात्र पाण्याच्या चाचणीत टिकलेली पीव्हीसी हवेसाठी चालते असा अर्थ कुणी काढू नये. तिच्या फुटण्याची पद्धत चाचणीने बदलत नाही. कार्बन फायबरच्या टाक्यांची ठराविक मुदतीने पुन्हा तपासणी लागते आणि त्यांच्या आयुष्याची तारीख संपली की त्या बाजूला काढायच्या. ऑलिंपिक दर्जाच्या स्पर्धेतही आपलं सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी नियमाने खेळाडूवर टाकलेली आहे. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजाला जो नियम लागू आहे तो तुम्हाला जाच वाटायचं कारण नाही.

दोन गोष्टी तर चर्चेच्याही पलीकडच्या आहेत. एक, हवेच्या ऐवजी ज्वलनशील फवारा पेटवून चालणारी यंत्रं. तिथे दाब किती चढेल हे मिश्रणावर ठरतं आणि मिश्रण दर वेळी वेगळं असतं. ज्या यंत्राचा कमाल दाब बनवणाऱ्यालाच सांगता येत नाही ते यंत्र माझ्या लेखी अपूर्ण आहे, कितीही छान चालत असलं तरी. दुसरी, ऑक्सिजन. पीसीपीत फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून भरलेली टाकी आणि सीलला लावलेलं तेल किंवा ग्रीस एकत्र आले की आतमध्येच स्फोट होतो. माणसं यात मेलेली आहेत.

थ्रीडी प्रिंटरबद्दल मला खूप आशा आहे, पण दाबाच्या भागासाठी अजिबात नाही. थरावर थर चढवून केलेला भाग थरांच्या सांध्यात सर्वांत कमकुवत असतो आणि टाकीतला ताण नेमका तो सांधा शोधतो. दस्ता, पकड, दुर्बिणीची बैठक, सेन्सरची पेटी, नळीभोवतीचं आवरण, हे सगळं खुशाल छापा. डाव्या हाताने नेम धरणाऱ्याला, हातात बळ कमी असलेल्याला, व्हीलचेअरवर बसून खेळणाऱ्याला आपल्या अंगाला बेतलेला दस्ता मिळू शकतो, ही या काळाची मोठी देणगी आहे आणि तिच्यावर फार कमी लोक काम करताहेत.

शेवटी, कशासाठी बनवायचं हा प्रश्न राहतो, आणि माझ्या मते घरगुती लाँचरचं भवितव्य त्याच्या उत्तरावर ठरेल. हवेच्या तोफेने केलेलं सर्वांत महत्त्वाचं काम मला विचाराल तर मी ७ जुलै २००३ हा दिवस सांगेन. कोलंबिया यान त्याच वर्षी १ फेब्रुवारीला पृथ्वीवर परतताना तुटलं होतं आणि सातही अंतराळवीर गेले होते. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. पण एवढ्या हलक्या फोमने पंखाचं कवच फुटेल यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाबाखालच्या नायट्रोजनवर चालणाऱ्या तोफेतून पाऊण किलोचा फोम सेकंदाला सुमारे २३६ मीटर वेगाने पंखाच्या खऱ्या भागावर सोडला. चाळीस सेंटिमीटर रुंदीचं भगदाड पडलं. वाद संपला. त्या तोफेचं मोल तिच्या जोरात नव्हतं. ठरलेला वेग, ठरलेला कोन, ठरलेली जागा, आणि आजूबाजूला सगळं मोजणारी उपकरणं, यामुळे तिचं म्हणणं कुणाला नाकारता आलं नाही. विमानाच्या काचांवर आणि इंजिनांवर पक्षी आदळले तर काय होईल हे तपासणाऱ्या तोफा याच घराण्यातल्या.

न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉक यांनी जनावरांना लांबून गुंगीचं औषध देणारी बंदूक घडवली. तिथेही सगळा खेळ ताब्याचाच. वेग जास्त झाला तर सुई जनावराला जखमी करते, कमी झाला तर कातडी भेदत नाही. म्हणून अशा बंदुकांवर दाबाचं मापक असतं आणि अंतर बघून दाब ठरवावा लागतो. हरणाला हातभर अंतरावरून आणि हत्तीला चाळीस मीटरवरून एकच यंत्र वापरता यावं, अंतर स्वतः मोजून झडपेने स्वतः हवा कमी-जास्त करावी, हे काम अजून कुणी स्वस्तात आणि भरवशाने करून दिलेलं नाही. पुरात अडकलेल्यांपर्यंत दोरी पोचवणं, झाडांवर काम करणाऱ्यांची दोरी फांदीवरून टाकणं, शाळेत कागदी रॉकेट उडवून दाब, कोन आणि अंतर यांचं नातं मुलांना दाखवणं, ही सगळी हवेची कामं आहेत आणि सगळी कमी दाबाची आहेत.

ज्यांना यंत्र लपवता यावं, कुणाला घाबरवता यावं किंवा कायद्याच्या व्याख्येतून निसटावं म्हणून आराखडे हवे असतात, त्यांना तुम्ही मदत करू नका. थेट नाही म्हणा. बऱ्याच देशांत घरी बनवलेला लाँचर ऊर्जेवरून किंवा नळीच्या व्यासावरून शस्त्रच ठरतो, तेव्हा आपल्या ठिकाणचा कायदा पहिला वाचा, पाइप कापायच्या आधी. आणि "छर्‍याने काय होतंय" असं म्हणणाऱ्याला सांगा की अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने सेकंदाला ३५० फुटांहून (साधारण १०७ मीटरहून) जास्त वेगाच्या छर्‍यांबाबत जिवाच्या धोक्याचा इशारा दिलेला आहे. डोळ्याला त्याच्या कितीतरी कमी वेग पुरतो. स्पर्धेची सौम्य रायफलही या आकड्याच्या वर आहे.

माझी मागणी मोठी नाही. आपला आराखडा दुसऱ्याच्या हाती देताना त्यावर टाकीचं आकारमान, कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि साठलेली ऊर्जा ज्यूलमध्ये लिहा. किती लांब गेलं याच्यासोबत दहा वेळा झाडून मोजलेले वेग लिहा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दोन्ही. फोनच्या मंद चित्रीकरणाने किंवा दोन प्रकाश-सेन्सरांनी हे कुणालाही मोजता येतं. कमाल अंतराची चढाओढ सोडून या दोन आकड्यांतलं अंतर कमी करण्याची चढाओढ लावा. आणि काही फुटलं, गळलं, उडालं तर त्याचे फोटो, भिंतीची जाडी, तापमान आणि तोवर झालेल्या भरण्यांचा अंदाज यासकट सगळ्यांना कळवा. कारखान्यातल्या टाक्या सुरक्षित झाल्या त्या फुटलेल्या टाक्यांच्या नोंदींमुळे. तुमच्याकडच्या फुटलेल्या टाक्या गुपचूप कचऱ्यात जातात आणि पुढचा मुलगा तीच टाकी पुन्हा बांधतो.

ज्यांच्याकडे या घडीला प्लास्टिकची भरलेली टाकी ठेवलेली आहे त्यांनी ती हातात न घेता, जाड भिंतीच्या आडून, झडपेला बांधलेल्या दोरीने किंवा लांबून चालणाऱ्या स्विचने रिकामी करावी. मापक शून्यावर आल्यावरही थोडा वेळ थांबावं. मग ती करवतीने मधोमध कापावी, म्हणजे उद्या दुसरं कुणी ती कोपऱ्यातून उचलून पंपाला लावणार नाही. झडप, मापक आणि होज मात्र जपून ठेवा. मुदतीतल्या टाकीला ती लागतील.

तुमचाच,
दाबाच्या टाक्या तपासणारा एक एअरगनप्रेमी